होडीतून ड्रोन उडवायचा म्हणजे

22 जुलै 2021ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा आम्ही घरचे सगळे वरच्या मजल्यावर अडकलो होतो. कोण कुठल्या माळ्यावर आहे, हे बाहेर कळायला मार्ग नव्हता. ड्रोन शिकायचं डोक्यात शिरलं ते तिथे.

लायसनचं फार अवघड नाही. वय 18 ते 65, दहावी पास, डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या केंद्रात काही दिवसांचं प्रशिक्षण. 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला तेही लागत नाही, पण आमच्या पावसाळी वाऱ्यात तो म्हणजे पिंपळपान.

केंद्रात सपाट मैदानावर शिकवतात. होडी कोण शिकवणार? सरावाला खाडीत गेलो आणि होडीतूनच ड्रोन सोडला. मध्येच सिग्नल तुटला, ड्रोन आपसूक ‘घरी’ निघाला. त्याचं घर म्हणजे जिथून उडाला ती जागा. ओहोटीनं आमची होडी तोवर तिथून बरीच लांब वाहत गेलेली. होडीवाले काका ओरडले, “अरं बाला, तुजा पाखरू पान्यात बसताय!” पाण्यापासून दोन हातांवर असताना सिग्नल परत आला म्हणून वाचला. आता होडीतून उडवताना घराची जागा दर थोड्या वेळानं नव्यानं नोंदवतो.

वाराही असाच फसवतो. नैर्ऋत्येचा वारा पाठीवर घेऊन ड्रोन आत सुसाट जातो, आणि परतताना तोच वारा तोंडावर. निम्मी बॅटरी उरेपर्यंत थांबलात तर संपलंच. मी साठ टक्क्यांना मागे वळतो.

अंगाची उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याचं कौतुक जरा बेतानं करा. महाडजवळ तळीये गावावर कोसळली तसल्या दरडीत मातीखालचा माणूस तो दाखवत नाही, दाट झाडीखालचाही नाही. पण वरच्या उतारावर नवी भेग पडलीय का, हे साध्या कॅमेऱ्यानं पाहून खाली राबणाऱ्यांना वेळेत सांगता येतं. मला तर हेच काम मोठं वाटतं.

तहसीलच्या नियंत्रण कक्षानं सांगितल्याशिवाय उडवू नका, आणि हेलिकॉप्टरचा आवाज आला की ड्रोन आधी खाली.

गेल्या पावसात एका वाडीवर उडवत होतो. मी अक्षांश-रेखांश सांगतोय आणि बोटीवरचे विचारतायत, “म्हणजे कुणाच्या घरामागं?” शेवटी पोलीस पाटलांना स्क्रीनशेजारी बसवलं. मी एका लाल पत्र्यावर बोट ठेवलं. ते म्हणाले, “तो गोठा. माणसं मागल्या माडीवर असतील, कॅमेरा तिकडं फिरवा.”