कास्ट आयर्न बुलेट घ्यायचीय? मग ती थंड असतानाच बघा

रॉयल एनफील्डची जुनी बुलेट, म्हणजे कास्ट आयर्न (बिडाच्या) सिलेंडरची, बघायला जायचं ठरलं की आदल्या रात्री विकणाऱ्याला फोन करून एकच विनंती करायची, "दादा, उद्या मी येईपर्यंत गाडीला किक मारू नका." आणि तिथं पोचल्यावर बाकी काही बोलायच्या आधी सिलेंडरच्या पंख्यांवर (बाहेरच्या पात्यांवर) हात ठेवून बघायचा. कोमट लागलं तर का सुरू केली ते सरळ विचारा, आणि पुन्हा कधी येऊ तेही विचारा.

हे मी एवढं ठासून सांगतोय कारण माझ्या पहिल्या बुलेटच्या वेळी मला हे सांगणारं कोणी नव्हतं. गेलो तेव्हा गाडी अंगणात धकधकत उभीच होती, तो आवाज ऐकून मन भरलं, पैसे दिले आणि घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनला चाळीसेक किका मारल्या तेव्हा ती पेटली आणि सगळी गल्ली निळ्या धुरानं भरली. मिस्त्रीकाकांनी तेल खाली काढलं तर ते काकवीसारखं घट्ट, इंजिन ऑइलमध्ये गिअरबॉक्सचं जाड तेल मिसळलेलं, म्हणजे खालचा आवाज दाबायला केलेला उद्योग. बोअर (सिलेंडरची आतली भिंत) गेलेला, व्हॉल्व्हचे गाईड गेलेले, बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग) पण हलत होता. ती गाडी मी नीट केली, अजून माझ्याकडे आहे, पण तेवढ्या पैशात मला आधीच चांगली गाडी मिळाली असती.

मी बोलतोय ते जुन्या ३५० बद्दल, ३४६ सीसी, ७० मिमीचा बोअर आणि ९० मिमीचा स्ट्रोक, इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा, पॉईंटवर (ठिणगी पाडणाऱ्या जुन्या स्विचवर) चालणारी, बहुतेक उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक. १९५५ पासून मद्रासला या गाड्या बनायला लागल्या आणि २००८-०९ नंतर नवीन इंजिन आलं तसं हे जुनं बंद होत गेलं. एवढी वर्षं मूळ रचना फारशी बदलली नाही म्हणून आजही पार्ट मिळतात आणि हे इंजिन ओळखणारे मिस्त्री गावोगाव आहेत. त्यामुळे मी दोन गोष्टींत कधी तडजोड करत नाही, कागद आणि चेसिस, कारण इंजिन पैसे घालून नीट होतं पण या दोन गोष्टी होत नाहीत. इंजिन बघायचं ते खर्च किती येणार हे कळावं म्हणून.

आधी कागद, मग किक

आरसी बुक हातात घ्या, झेरॉक्स नको. इंजिन नंबर क्रँककेसवर आणि चेसिस नंबर फ्रेमवर ठोकलेला असतो, त्यावरचं ऑइल आणि माती रॉकेलच्या फडक्यानं पुसा, वर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवा. प्रिंट उमटली की आरसीशी एकेक आकडा लावून बघा. आकडे एका ओळीत, एकाच खोलीचे दिसले पाहिजेत. नंबरच्या आजूबाजूचं लोखंड घासून गुळगुळीत केलेलं दिसलं, एखादा आकडा वाकडा बसलाय किंवा तेवढ्याच जागी रंगाचा जाड थर दिला असेल तर गाडी कितीही सुंदर असू दे, तिथून निघा. एका गाडीचं इंजिन दुसऱ्या चेसिसवर बसवणं बुलेटमध्ये फार सोपं आहे, आणि आरसीवर जुनाच इंजिन नंबर असेल तर ट्रान्सफरच्या वेळी आरटीओत अडकायला होतं.

१५ वर्षांनंतर पुनर्नोंदणी लागते आणि ती दर ५ वर्षांनी करावी लागते, ती केलीय का आणि पर्यावरण कर भरलाय का ते बघा. १९८९ च्या आधीच्या महाराष्ट्रातल्या गाडीचा नंबर एमएच नं सुरू होत नाही, तीन अक्षरं आणि पुढे आकडे असा असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण अशा जुन्या गाड्यांची नोंद ऑनलाईन चढलेली नसू शकते. परिवहनच्या साईटवर नंबर टाकून बघा, दिसला नाही तर विकणाऱ्यालाच म्हणा की आधी आरटीओत जाऊन नोंद चढवून घ्या, मग व्यवहार करू. बाहेरच्या राज्यातली गाडी असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय टोकन पण देऊ नका. मालक वारलेला असेल तर वारसांचे कागद आधी. हे सगळं बोलताना अवघडल्यासारखं होतं, समोरचे काका चहा पाजत असतात, तरी विचाराच.

चेसिस आणि जमीन

गाडी रोज जिथं उभी असते ती जागा बघायला मागा. इंजिन आदल्या दिवशी डिझेलनं धुऊन चकचकीत करता येतं पण फरशीवरचा डाग लपत नाही. बुलेट थोडंफार तेल गाळतेच, डाव्या बाजूच्या चेन कव्हरमधून तर हमखास, चार थेंब असतील तर सोडून द्या, पण ताटाएवढा ओला डाग असेल तर तेल कुठून येतंय ते शोधा. सिलेंडर आणि हेडच्या जॉईंटवर ताजी पेस्ट फासलेली दिसली तर का फासली ते विचारा.

मग गाडी मधल्या स्टँडवर लावा आणि मागे दहा पावलांवर उकिडवे बसून बघा, मागचं चाक आणि पुढचं चाक एका रेषेत पाहिजे. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा, खटखट झाली तर स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश गेलेत, हा किरकोळ खर्च आहे. कोणाला तरी मागे दाबून बसायला सांगून पुढचं चाक उचला आणि हँडल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, मध्ये खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) संपला. हे सगळं होतं नीट. होत नाही ते म्हणजे हँडलच्या खालच्या मानेजवळ केलेलं वेल्डिंग, ते बोट फिरवून तपासा, रंगाखाली उंचवटा लागला की गाडी जोरात ठोकलीय असं धरून चाला. टाकीत टॉर्च मारून गंज बघा आणि लोहचुंबकाला फडकं गुंडाळून टाकीवरून फिरवा, जिथं धरत नाही तिथं पुट्टी आहे.

थंड इंजिन काय सांगतं

आता खरी मजा. चावी बंदच ठेवा, डीकंप (कॉम्प्रेशन सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) न ओढता किक खाली दाबा, कडक लागली की त्यावर उभे राहा, अगदी सगळं वजन टाकून. चांगल्या इंजिनात कॉम्प्रेशन तुम्हाला काही सेकंद पेलून धरतं आणि मग किक हळूहळू खाली जाते. पाय घातला की सुळकन खाली गेली तर रिंगा, बोअर नाहीतर व्हॉल्व्ह बसत नाहीत, पण निकाल द्यायच्या आधी डीकंपची केबल बघा, ती ताणलेली असेल तर डीकंपच अर्धा उघडा राहतो आणि बिचाऱ्या इंजिनावर आळ येतो. किक घसरतेय असं वाटलं तर क्लच पण बघा, या गाडीत किकचा जोर क्लचमधूनच इंजिनाला जातो.

उजव्या बाजूला सिलेंडरच्या बुडाशी टॅपेटचं छोटं झाकण असतं, मालकाची परवानगी घेऊन ते उघडा. पिस्टन कॉम्प्रेशनवर अगदी वर असताना आतले दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) बोटांच्या चिमटीत गोल फिरले पाहिजेत पण वरखाली हलले नाही पाहिजेत. माझा अनुभव असा की ज्या गाडीचे पुशरॉड असे मऊ फिरतात तिचा मालक गाडीकडे लक्ष देणारा असतो.

मग सुरू करा, स्वतः. चावी चालू, किक हळू दाबत जा, हेडलाईटच्या वरच्या त्या अँपिअर मीटरचा काटा डिस्चार्जकडे झुकलेला असतो तो मधोमध आला की पॉईंट उघडले, मग डीकंप ओढून किक अजून किंचित खाली, डीकंप सोडा, किक वर येऊ द्या आणि आता पूर्ण मारा. नीट असलेली बुलेट थंडीतसुद्धा तीन-चार किकात लागते. उलटी किक बसत असेल तर टायमिंग पुढे गेलंय, पाय सांभाळा, घोट्याला चांगलंच लागतं.

धुराबद्दल घाई करू नका. गाडी पंधरा दिवस उभी असेल तर इंजिनाच्या ऑइल टाकीतलं तेल झिरपून क्रँकमध्ये उतरतं आणि सुरू केल्यावर दोन-चार मिनिटं भरपूर निळा धूर येतो, तो आपोआप बसला तर इंजिन वाईट आहे असं म्हणता येत नाही. धूर तसाच राहिला तर मात्र खर्च मोजायला घ्या. उतारावर रेस सोडून खाली आल्यावर पुन्हा रेस दिली की भपकन धूर येतो ते गाईडचं लक्षण, चढाला रेस दिल्यावर येतच राहतो ते रिंगा आणि बोअरचं. बोअर आधी केलाय का आणि पिस्टन कितव्या ओव्हरसाईजचा (मूळ मापापेक्षा किती मोठा) आहे तेही विचारा.

तेल वर चढतंय का हे बघितल्याशिवाय गाडी फिरवायला नेऊ नका. हेडवर जाणाऱ्या बारीक ऑइल पाईपचा बोल्ट मिस्त्रीकडून थोडा सैल करून घ्या, इंजिन हळू चालू असताना तिथून तेल पाझरायला पाहिजे. कोरडं राहिलं तर लगेच बंद करा.

फिरवून आणा, चांगली लांब

गल्लीत एक चक्कर मारून काही कळत नाही. दहा-बारा किलोमीटर आणि त्यात एखादा चढ पाहिजे. पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली, सवय नसेल तर आधी मालकाच्या मागे बसून जा. प्रत्येक गिअरमध्ये रेस देऊन एकदम सोडा, गिअर उडून न्यूट्रल पडला तर आतले दात किंवा फोर्क झिजलेत. दोन गिअरच्या मध्ये अधूनमधून खोटा न्यूट्रल लागणं हा या गिअरबॉक्सचा स्वभाव आहे, त्याला दोष धरू नका.

मग चढावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या खाली आणून हळू रेस द्या आणि कान पायाकडे लावा. वरून येणारी बारीक टिकटिक टॅपेटची. सिलेंडरमधून येणारी आणि गरम झाल्यावर कमी होणारी खडखड पिस्टनची. पण खालून, पोटातून, फुटरेस्टवर जाणवेल असा जड ठक ठक आवाज आला आणि गरम झाल्यावर तो वाढला तर बिग एंड आहे, म्हणजे क्रँक उघडायचा, आणि तो खर्च किमतीतून वजा केल्याशिवाय व्यवहार करायचा नाही. खात्री नसेल तर परत आल्यावर लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक क्रँककेसला लावा, आवाज कुठून येतोय ते लगेच कळतं.

परत आल्यावर बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि गरम असतानाच पुन्हा किक मारा. थंडीत पटकन लागणारी पण गरम झाल्यावर न लागणारी गाडी कंडेन्सर, कॉईल किंवा व्हॉल्व्हकडे बोट दाखवते. हेडलाईट लावून रेस द्या, अँपिअर मीटरचा काटा मध्ये किंवा चार्जकडे यायला हवा.

गाडी घेतलीत तर विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाका आणि ट्रान्सफरचे फॉर्म २९ आणि ३० त्याच दिवशी सह्या करून घ्या, उद्यावर ठेवू नका. घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे तेल बदलणं आणि फिल्टर काढून बघणं. जुनं तेल पांढऱ्या फडक्यावर ओता आणि उन्हात धरा. काळं असेल तर ठीक आहे. सोनेरी चमचम दिसली तर आत पितळी बुश झिजतोय, चंदेरी बारीक कण दिसले तर लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम, अशा वेळी गाडी लांब न नेता आधी मिस्त्रीकडे घेऊन जा, आणि ते फडकं बरोबर न्या.