निराळ्या सर्किटची इलेक्ट्रिक गिटार: लाकडाला हात लावण्याआधीचे नियोजन

स्वतःसाठी गिटार घडवायला निघालेला माणूस बहुधा लाकडापासून सुरुवात करतो. बॉडीचा आकार, लाकडाची जात, नेकची जाडी, रंग हे सगळे कागदावर उतरते आणि इलेक्ट्रॉनिक्स मात्र मागच्या खोबणीत कसेही बसेल, असे गृहीत धरले जाते. दोन पिकप (तारांचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग), एक व्हॉल्यूम आणि एक टोन अशी नेहमीची मांडणी असेल तर हे खपून जाते, कारण त्या मांडणीची मापे केव्हाच ठरून गेली आहेत. पिएझो (दाबावर चालणारा पिकप), बफर (पिकपला पुढच्या भारापासून अलग ठेवणारे छोटे सर्किट), रोटरी स्विच (फिरवून स्थिती निवडायचा) किंवा सस्टेनर (तार सतत कंपत ठेवणारे साधन) यांपैकी काही आत घालायचे असेल तर क्रम उलटा करावा लागतो: सर्किट आधी टेबलावर जोडून वाजवून पाहावे, त्याची मापे घ्यावीत आणि त्या मापांवरून लाकूड कोरावे.

सर्किटचा विचार भागांच्या यादीपासून न करता आवाजांच्या यादीपासून करावा. आपल्याला कोणते आवाज खरोखर लागतात, त्यांतले कोणते गाणे चालू असतानाच बदलावे लागतात आणि कोणते दोन गाण्यांच्या मधल्या वेळात बदलले तरी चालतात, हे लिहून काढावे. पहिल्या प्रकारासाठी लागणारा स्विच उजव्या हाताच्या करंगळीला न बघता सापडला पाहिजे. दुसऱ्या प्रकारासाठी लागणारा स्विच दूर, अगदी खालच्या कडेला असला तरी हरकत नसते. स्विच वाढवले की आवाजही त्याच प्रमाणात वाढतात, हा समज मात्र फसवा आहे. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने वडील हॅरल्ड यांच्यासह १९६३ मध्ये घडवायला घेतलेल्या 'रेड स्पेशल' गिटारमध्ये तीन पिकप एकसर जोडणीत आहेत आणि प्रत्येकाला चालू-बंद करणारा एक व फेज (सिग्नलची धन-ऋण दिशा) उलटवणारा एक असे एकूण सहा स्विच आहेत. सहा स्विचांच्या मिळून ६४ स्थिती होतात. पण बंद पिकपच्या फेज-स्विचला काही अर्थ नसतो आणि चालू असलेल्या सगळ्या पिकपांची फेज एकदम उलटवली तर कानाला फरक कळत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात वेगळे आवाज १३ च उरतात. त्या मांडणीने काय साधले ते सर्वांनी ऐकलेले आहे. पण आपली मांडणी आखताना असा हिशेब आधी कागदावर केला, तर निम्मे स्विच गळून पडतात आणि उरलेल्यांना चांगली जागा मिळते.

हंबकर या दोन कॉइलींच्या (तारेच्या गुंडाळ्यांच्या) पिकपची एकच कॉइल वापरायची सोय ठेवायची असेल, तर आणखी एका गोष्टीचा निर्णय इथेच करावा. सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीसाठी तयार केलेल्या हंबकरमध्ये दोन कॉइलींचे वेढे आणि चुंबकांची दिशा परस्परांविरुद्ध असते, म्हणून विजेची भणभण एकमेकींत विरते आणि तारांचा आवाज मात्र जुळतो. एक कॉइल तोडली की ही भणभण परत येते. परंतु नेककडच्या हंबकरची एक आणि ब्रिजकडच्या (तारा बॉडीवर टेकतात त्या बाजूच्या) हंबकरची तिच्या विरुद्ध ध्रुवाची एक अशा कॉइली निवडल्या, तर दोन्ही पिकप एकत्र वाजवताना ती पुन्हा नाहीशी होते. कॉइलींच्या तारांचे रंग प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असतात, त्यामुळे रंगांवर विसंबू नये. मल्टिमीटर पिकपला जोडून पिकपवर लोखंडी स्क्रूड्रायव्हर टेकवावा आणि झटकन उचलावा. काटा ज्या बाजूला हलतो त्यावरून त्या कॉइलीची दिशा कळते. हे काम काट्याच्या मीटरवर सोपे जाते, अंकी मीटरवर आकडा दिसेदिसेपर्यंत निघून जातो.

आता मुख्य विषयाकडे येऊ. चुंबकीय पिकप म्हणजे केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. त्याला स्वतःचे इंडक्टन्स (बदलत्या विद्युतप्रवाहाला विरोध करण्याचा गुण) असते आणि गिटारपासून अँप्लिफायरपर्यंत जाणाऱ्या केबलला कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याचा गुण) असतो. या दोन्हींच्या मेळातून एका ठरावीक वारंवारतेला अनुनाद होतो, म्हणजे त्या जागचा आवाज उठून येतो, आणि पिकपचा म्हणून जो स्वभाव आपण ओळखतो तो बराचसा या अनुनादाच्या जागेवर अवलंबून असतो. सिंगल कॉइलचे इंडक्टन्स २.४ हेन्री आणि केबलसह एकूण कपॅसिटन्स ६०० पिकोफॅरड धरला, तर अनुनाद ४,२०० हर्ट्झच्या आसपास येतो; ४.५ हेन्रीच्या हंबकरला तोच ३,१०० हर्ट्झच्या जवळ उतरतो. एकाचा आवाज काचेसारखा लखलखीत आणि दुसऱ्याचा भरीव का वाटतो, याचे मोठे कारण या दोन आकड्यांत आहे.

हे एकदा ध्यानात आले की निराळ्या सर्किटचा अतिशय समाधान देणारा मार्ग मोकळा होतो. पिकपच्या अगदी जवळ बफर बसवला तर केबलचा कपॅसिटन्स पिकपला दिसेनासा होतो. पिकपचा स्वतःचा सुमारे १२० पिकोफॅरड एवढाच उरतो, आणि वरच्याच सिंगल कॉइलचा अनुनाद ९,००० हर्ट्झच्या वर जातो. मग रोटरी स्विचने आपल्याला हवे ते कपॅसिटर पिकपला समांतर जोडत जायचे. ४७० पिकोफॅरडला अनुनाद पुन्हा ४,२०० हर्ट्झवर येतो, १ नॅनोफॅरडला ३,१०० वर, २.२ नॅनोफॅरडला २,१०० वर आणि ४.७ नॅनोफॅरडला १,५०० हर्ट्झच्या जवळ. एकाच पिकपमधून पाच स्वभावांचे आवाज निघतात, आणि टोन कमी केल्यावर जसा आवाज नुसता मंद होतो तसे इथे होत नाही. अनुनादाचा उंचवटा कायम राहतो, फक्त त्याची जागा बदलते. १९५९ मध्ये बाजारात आलेल्या गिब्सन ईएस-३४५ या गिटारवरच्या व्हॅरिटोन नावाच्या टोन-स्विचचा नॉबही दिसायला असाच रोटरी आहे, पण त्याचे काम वेगळे: तो चोक (तारेची गुंडाळी) आणि कपॅसिटर यांच्या साहाय्याने मधल्या पट्ट्यातला काही भाग कापून काढतो. दोन्ही कल्पना चांगल्या आहेत, तरी पहिल्यांदा असे सर्किट करणाऱ्याने कपॅसिटरच्या वाटेने जावे असे माझे स्पष्ट मत आहे.

या मांडणीत दोन बारीक गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली अशी की नेहमीच्या गिटारमध्ये २५० किंवा ५०० किलोओमचे व्हॉल्यूम पॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रोध) पिकपवर भार टाकून अनुनादाचा उंचवटा आटोक्यात ठेवते. बफरनंतर २५ किलोओमचे पॉट लावले की तो भार राहत नाही आणि आवाज कानाला टोचू लागतो, म्हणून बफरच्या आधी पिकपला समांतर तेवढाच रोध मुद्दाम द्यावा. दुसरी अशी की स्विच फिरवताना टपकन आवाज येऊ नये यासाठी प्रत्येक कपॅसिटरचे स्विचकडचे टोक १० मेगाओमच्या रोधातून ग्राउंडला कायमचे जोडून ठेवावे.

पिएझोचे गणित याच्या उलट असते. ब्रिजच्या सॅडलमधला (तार जिच्यावर टेकते त्या तुकड्यातला) पिएझो हा स्वतःच एका लहान कपॅसिटरसारखा वागतो. तो ५०० पिकोफॅरडचा आहे असे धरले आणि थेट ५०० किलोओमच्या पॉटला जोडला, तर ६४० हर्ट्झच्या खालचा सगळा आवाज उतरू लागतो. सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, हे लक्षात घेतले म्हणजे असा पिएझो पत्र्यासारखा का वाजतो ते कळते. तोच १० मेगाओमच्या बफरला जोडला की ती मर्यादा ३२ हर्ट्झवर जाते. म्हणून पिएझोला वेगळा बफर द्यावा, आणि चुंबकीय व पिएझो आवाज मिसळल्यावर ते एकमेकांना खात तर नाहीत ना, हे तपासावे. खात असतील तर एकाची फेज उलटवावी. सस्टेनरविषयी एवढेच सांगतो की त्याचा ड्रायव्हर सहसा नेकजवळ बसतो आणि तो चालू असताना ब्रिजचा पिकपच वापरावा लागतो, कारण जवळचा पिकप ड्रायव्हरचे चुंबकीय क्षेत्र थेट पकडून शिट्टी मारतो. ब्रिजचा पिकप आवडता नसेल तर सस्टेनरचा नाद सोडावा.

बफर आला की बॅटरी आली. ९ व्होल्टची अल्कलाइन बॅटरी साधारण ५०० मिलिअँपिअर-तास देते. बफरसाठी वापरायची टीएल०७२ ही चिप जवळपास ३ मिलिअँपिअर घेते, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे तास. टीएल०६२ अर्ध्या मिलिअँपिअरहून कमी घेते आणि हजार तासांच्या पुढे जाते, मात्र तिची खरखर थोडी जास्त असते. बॅटरीचे ऋण टोक स्टीरिओ जॅकच्या रिंगला (मधल्या संपर्काला) जोडले, तर साधी मोनो पिन आत गेल्यावरच सर्किट चालू होते आणि वेगळा स्विच लागत नाही. आणखी एक सोय मी कोणत्याही परिस्थितीत सोडत नाही: एक पुश-पुल पॉट (ओढले-ढकलले की आतला स्विच बदलणारे) असे जोडावे की ते ओढले असता एक पिकप बफरला वळसा घालून थेट जॅकपर्यंत जाईल. कार्यक्रमाच्या मध्यात बॅटरी संपली तरी गिटार गप्प होता कामा नये.

एवढे ठरले की सर्किट जाड पुठ्ठ्यावर किंवा प्लायवूडच्या तुकड्यावर जोडावे. पिकप हाताशी असलेल्या जुन्या गिटारमध्ये बसवावेत, त्यांच्या तारा बाहेर काढाव्यात आणि स्विच व पॉट त्या पुठ्ठ्यावर भोके पाडून लावावेत. असे ओबडधोबड साधन घेऊन निदान तीन आठवडे रोज वाजवावे, आणि कोणत्या दिवशी कोणती स्थिती वापरली त्याच्या खुणा करत जाव्यात. माझ्या मागच्या गिटारसाठी मी सहा स्थितींचा रोटरी आणला होता. तीन आठवड्यांनी पाहिले तर तीन स्थितींवर खुणांची गर्दी होती, एकीवर दोनच खुणा होत्या आणि उरलेल्या दोहोंवर एकही नव्हती. शेवटी चार स्थितींचाच स्विच बसवला, आणि त्यामुळे तो अंधारातही मोजता येतो.

मग मापे घ्यावीत, तीही माहितीपत्रकावरून न घेता प्रत्यक्ष भागावर कॅलिपर लावून, तारा सोल्डर केलेल्या स्थितीत घ्यावीत. बॉडी ४४.५ मिमी जाडीची असेल, वर ५ मिमी लाकूड ठेवले आणि मागच्या झाकणाच्या खाचेला २.५ मिमी गेले, तर खोबणीची आतली खोली ३७ मिमी उरते. पुश-पुल पॉट आणि रोटरी स्विच यांचा खोलीशी झगडा असतो, तर बॅटरीचा लांबी-रुंदीशी, ती ४८.५ × २६.५ × १७.५ मिमीची असते आणि तिला स्वतंत्र कप्पा देणे उत्तम. कोणत्याही टर्मिनलपासून झाकणापर्यंत किमान ५ मिमी मोकळे राहिले पाहिजेत. हा आकडा मी अनुभवाने शिकलो. एका गिटारचा आवाज झाकण उघडे असताना स्वच्छ येई आणि झाकण लावले की पूर्ण बंद होई; एक अख्खी संध्याकाळ मी सगळे सांधे पुन्हा सोल्डर करण्यात घालवली. अखेर झाकणाच्या आतल्या तांब्याच्या पट्टीवर तांदळाच्या दाण्याएवढा चकचकीत ओरखडा दिसला. पुश-पुल पॉटचे मधले टर्मिनल तिथे टेकत होते आणि सिग्नल सरळ ग्राउंडला जात होता.

सर्व भागांच्या खऱ्या आकाराची पुठ्ठ्याची कात्रणे करून ती बॉडीच्या आराखड्यावर मांडावीत. तारांचे मार्गही याच वेळी आखावेत: चार तारांचा हंबकर आणि पिएझोच्या सहा बारीक तारा एकाच वाटेने जाणार असतील तर ८ मिमीचे भोक हवे, आणि लांब ड्रिल तिरके घालायला समोरच्या पोकळीतून जागा आहे का, हे आधी पाहावे. तांब्याच्या पट्टीने खोबणी मढवताना तिचे सगळे तुकडे एकमेकांशी जोडलेले आहेत, हे मल्टिमीटरने तपासावे आणि ब्रिजकडे जाणारी ग्राउंडची तार विसरू नये.

रंगकामाच्या आधी संपूर्ण गिटार एकदा जोडून, तारा चढवून वाजवावी; खोबणी वाढवायची, भोक सरकवायचे किंवा स्विच गाळायचा तर तो याच टप्प्यावर. त्यानंतर सर्व भाग काढून, सर्किटचा तारांच्या रंगांसह आराखडा काढून घ्यावा आणि मगच बॉडी रंगायला घ्यावी. रंगाच्या थरांनी भोके थोडी आवळतात. ती पुन्हा मोकळी करताना ड्रिल वापरू नये, त्याने कडेचे लॅकर टवके उडून निघते. हातातल्या रीमरने (भोक घासून रुंद करणाऱ्या हत्याराने), हलक्या दाबाने, पॉट सैलसर बसेपर्यंतच फिरवावे.