दारू सोडायला गट शोधताय? या चुका टाळा

दारू सोडायची असं घरात एकदा ठरलं की सगळे मोबाइल घेऊन बसतात. ‘जवळचं व्यसनमुक्ती केंद्र’ शोधलं की धडाधड नंबर येतात, आणि पहिली गल्लत तिथेच होते. केंद्र वेगळं, गट वेगळा. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रात दाखल होऊन महिनाभर राहावं लागतं. गट म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, सगळे म्हणतात त्या ‘एए’ची मीटिंग. संध्याकाळी तास-दीड तास बसायचं, ऐकायचं, वाटलं तर बोलायचं. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव कोणी विचारत नाही. शेवटी पिशवी फिरते, त्यात जमेल ते टाका, नाहीतर पुढे द्या. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलत सावरले, त्यातून हे उभं राहिलं. सभासद व्हायला अट एकच : दारू थांबवायची इच्छा.

‘पेशंटला घरून उचलून नेतो’ असं फोनवरच सांगणाऱ्या केंद्राच्या नादी लागू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनाच्या उपचारांनाही लागू आहे. नोंदणी आहे का, डॉक्टर कोण, हे आधी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर फोन ठेवा.

गटाच्या आधी डॉक्टर

या चुकीला माफी नाही, म्हणून जरा सविस्तर. रोज भरपूर पिणाऱ्याने ‘उद्यापासून बंद, संध्याकाळी मीटिंग’ असं परस्पर ठरवू नये. शेवटच्या पेगनंतर काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, माणूस घरच्यांनाही ओळखेनासा होतो. हे जिवावर बेतू शकतं. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा, औषधं सुरू करा आणि मग गटात जा. पूर्वी असा त्रास झाला असेल तर दाखलच व्हा.

तीच गोष्ट ‘न सांगता द्यायच्या’ गोळीची. चहात, भाजीत कुटून घालायची पूड विकणारे गल्लोगल्ली आहेत. त्यात डायसल्फिराम, म्हणजे दारू पोटात गेली की त्रास देणारं औषध, असेल आणि वरून तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून हृदयावर येऊ शकतं. ही गोळी माणसाला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची असते.

गट कुठला निवडायचा?

बहुतेक जण मुद्दाम लांबचा गट शोधतात, ओळखीचं कोणी भेटायला नको म्हणून. पहिल्या खेपेला ठीक आहे. पण दोन लोकल बदलून जायची मीटिंग पहिल्या मोठ्या पावसात सुटते. आणि ओळखीचं कोणी भेटलंच, तर तोही त्याच कारणाने आलेला असतो की!

मला विचाराल तर अंतरापेक्षा वेळ बघा. ज्याला साडेसातला ‘बसायची’ सवय आहे त्याला रविवार सकाळची मीटिंग पुरत नाही. त्याची खरी लढाई स्टेशन ते घर या पंधरा मिनिटांच्या रस्त्यावर असते, जिथे बारचा वेटरही नावाने ओळखतो. त्याच वेळेला, त्याच वाटेवर गट मिळाला तर सोन्याहून पिवळं.

जाण्याआधी फोन करा. मीटिंग अनेकदा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या खोलीत भरते. परीक्षा, सुट्टी आली की जागा बदलते. भाषा मराठी की हिंदी, हेही विचारा. मीटिंग ‘ओपन’ असेल तर घरच्यांनाही बसता येतं. ‘क्लोज्ड’ फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे.

एका मीटिंगवरून निकाल देऊ नका. कुठे चार म्हातारे असतात, कुठे प्रार्थनेने बिचकायला होतं. तिथला ‘ईश्वर’ ज्याने-त्याने आपल्या समजुतीप्रमाणे घ्यायचा असतो, नास्तिकही येतात. दोन-तीन वेगळे गट बघा आणि ज्याचं बोलणं पटलं त्याचा नंबर घ्या. गटारीच्या रात्री मित्रांचे फोन येऊ लागले की तो नंबर लागतो.

घरच्यांची चूक

बायको फोन करते, बायको पत्ता शोधते, बायको दारापर्यंत सोडते आणि परत आल्यावर तोंडाचा वासही बायकोच घेते. एएचा माणूस फोनवर म्हणेल, ‘ताई, त्यांनाच बोलू द्या.’ राग मानू नका. तुमच्यासाठी वेगळा गट आहे, अल-ॲनॉन. एएच्या संस्थापकाच्या पत्नीनेच १९५१ मध्ये त्याला आकार दिला. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. तो मीटिंगला जावो न जावो, तुम्ही जा.

स्लिप झाली तर

गट सुटतो तो बहुधा इथे. दोन महिने बरे जातात, एखाद्या लग्नात ग्लास हातात येतो, आणि ‘आता कुठल्या तोंडाने जाऊ’ म्हणून माणूस जाणंच सोडतो. तिथे बसलेल्यांपैकी कितीतरी जण याच वाटेने परत आलेले असतात. शुद्धीत आल्यावर नव्हे, त्याच संध्याकाळी जायचं असलं तरी बहुतेक गट बसू देतात. बोलायची पाळी तेवढी पुढच्या वेळी. मागच्या खुर्चीवर बसा, चहा घ्या, आणि निघताना कोणाला तरी सोबत यायला सांगा.