पहिलं वल्हं घेताना

रामटेकजवळच्या खिंडसी तलावात दोन-चार वेळा कयाक, म्हणजे वल्हवायची छोटी अरुंद होडी, चालवून झाली, की स्वतःचं वल्हं घ्यावंसं वाटतंच. बजेटमधून लाइफ जॅकेटचे पैसे आधी बाजूला काढा, मग वल्ह्याकडे वळा.

पहिली बघायची ती लांबी. कयाक 60 ते 70 सेंटिमीटर रुंद आणि तुमची उंची मध्यम असेल, तर 220 ते 230 सेंटिमीटरचं वल्हं बसतं. हवा भरायची कयाक जास्त रुंद असते, तिला 240 घ्या. आखूड वल्ह्याने हाताची बोटं कयाकच्या काठावर घासतात.

मग वजन. तासाभरात हजाराहून जास्त वेळा वल्हं मारावं लागतं, त्यामुळे शंभर-दोनशे ग्रॅमचा फरकही खांद्याला कळतो. सगळ्यात स्वस्त म्हणजे ॲल्युमिनियमचा दांडा आणि प्लॅस्टिकची पाती. चालतं, पण आपल्या नागपूरच्या उन्हात तो दांडा हाताला चटके देतो. थोडे पैसे वाढवता आले तर फायबरग्लासचा दांडा आणि नायलॉनची पाती घ्या. नवशिक्याला याहून जास्त खर्चाची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे. कार्बन हलकं, पण फार महाग. पाती लांबट आणि अरुंद बघा. रुंद पात्याने जोर मिळतो, पण हात लवकर भरून येतात.

दोन तुकड्यांचं वल्हं बसमधूनही नेता येतं. मात्र दुकानातच जोडून हलवून बघा. सांधा खुळखुळला तर कितीही स्वस्त असो, परत ठेवा. घरी आल्यावर तुकडे सुटे करून धुवा, नाहीतर सांध्यात वाळू अडकून तो घट्ट बसतो.