रिम बसते, पण बरोबर बसते का? गाडीसाठी बदली रिम निवडताना

मागच्या पावसाळ्यात माझ्या भाच्याच्या स्विफ्टची रिम खड्ड्यात वाकली. गडी थेट पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात गेला आणि होंडा सिटीच्या चार जुन्या अलॉय रिम घेऊन आला. दुकानदार म्हणाला होता, "दोन्हींचा पीसीडी शंभरच आहे, डोळे झाकून लावा." लागल्याही. पण ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं आणि मला फोन आला, "मामा, तीनदा बॅलन्सिंग केलं, तरी जात नाही."

दुकानदार खोटं बोलला नव्हता, पण अर्धंच बोलला होता. रिम गाडीला जुळते की नाही हे पाच-सहा मापांवर ठरतं. पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, हे त्यातलं पहिलं, आणि बहुतेकांची चौकशी तिथेच थांबते.

आधी जुन्या रिमवरचे आकडे उतरवून घ्या

चाक उतरवा आणि रिमची आतली बाजू कापडाने पुसून घ्या. अलॉय रिमला हे आकडे बहुधा स्पोकच्या मागे ओतलेले असतात, स्टीलच्या डिस्कला ठोकलेले. उदाहरणार्थ, '१५ × ६ जे ईटी ४५'. पंधरा हा व्यास इंचांत, सहा ही रुंदी इंचांत, 'जे' हा रिमच्या कडेचा आकार आणि ईटी म्हणजे ऑफसेट, मिलिमीटरमध्ये. व्यास टेपने बाहेरून मोजायला जाऊ नका. तो टायर जिथे टेकतो तिथला असतो, त्यामुळे कडेपासून कडेपर्यंत मोजलं तर सव्वा-दीड इंच जास्तच भरतं.

पीसीडी: भोकांचं वर्तुळ

नटांच्या सगळ्या भोकांच्या मध्यांमधून वर्तुळ काढलं तर त्याचा जो व्यास येईल तो पीसीडी. '४ × १००' म्हणजे चार भोकं, शंभर मिलिमीटर. स्विफ्ट, बलेनो, होंडा सिटी, ह्युंदाई आय-१० या सगळ्या ४ × १००. क्रेटा आणि इनोव्हा ५ × ११४.३, फोक्सवॅगन पोलो ५ × १००.

चार भोकांच्या रिमवर मोजणं सोपं आहे. एका भोकाच्या आतल्या कडेपासून समोरच्या भोकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत माप घ्या, तोच पीसीडी. पाच भोकांना समोरासमोर भोक नसतं. तिथे शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर घेऊन १.७०१ ने गुणा. ६७.२ आलं तर पीसीडी ११४.३, ५८.८ आलं तर १००. काम व्हर्नियर कॅलिपरने करा, शिंप्याच्या टेपने नाही.

जवळच्या मापांपासून सावध राहा. जुन्या फियाट पालिओचा पीसीडी ४ × ९८. तिची रिम ४ × १०० च्या गाडीला ओढूनताणून लागते, नटही आवळले जातात. पण प्रत्येक स्टड (ज्यावर नट आवळतो तो बोल्ट) एक-एक मिलिमीटर वाकडा ताणलेला राहतो. असा स्टड कधी तुटेल याचा भरवसा नाही.

मधलं भोक आणि नट: भाच्याची गाडी इथेच थरथरली

हब म्हणजे गाडीचा ज्या भागावर चाक बसतं तो. त्याच्या मध्यभागी जो गोल उंचवटा असतो त्यावर रिमचं मधलं भोक घट्ट बसायला हवं. चाक केंद्रात तिथेच येतं. स्विफ्टच्या हबचं माप ५४.१ मिमी, सिटीच्या रिमचं भोक ५६.१. म्हणजे सगळीकडून एक मिलिमीटरची फट, आणि चाकाला केंद्रात आणायची जबाबदारी एकट्या नटांवर. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक स्वतःच्या मधल्या भोकावर फिरतं, म्हणून तिथे काटा शून्य दाखवतो. गाडीवर तेच चाक मिलिमीटरभर बाजूला बसतं आणि थरथर परत येते. भाच्याने बॅलन्सिंगवर घातलेले पैसे असे वाया गेले.

यावर हब रिंग हा उपाय आहे. बाहेरून रिमच्या भोकाएवढी आणि आतून हबएवढी अशी अॅल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची कडी मिळते. घेताना दोन्ही मापं सांगा. उलटी अडचण असेल, म्हणजे रिमचं भोक हबपेक्षा लहान असेल, तर रिम हबवर टेकतच नाही. लेथवर भोक मोठं करून देणारे भेटतात. रस्त्यावरच्या वर्कशॉपमध्ये मी ते करून घेणार नाही.

आता नट. स्विफ्टचे आटे एम१२ × १.२५ (स्टडची जाडी १२ मिमी, दोन आट्यांतलं अंतर १.२५ मिमी), तर सिटी आणि आय-१० चे एम१२ × १.५. नट दिसायला जुळे भाऊ, पण १.५ चा नट १.२५ च्या स्टडवर पान्याने जबरदस्तीने फिरवला की आटे गेलेच. नट हाताने सुरू होऊन तीन-चार फेरे सहज फिरला पाहिजे. दोन फेऱ्यांत अडला तर थांबा.

एवढ्यावर संपत नाही. नट रिमवर जिथे टेकतो त्या बैठकीलाही आकार असतो. बाजारातल्या बहुतेक अलॉय रिमना ६० अंशांची निमुळती बैठक असते, स्विफ्टचे नटही निमुळतेच. होंडाच्या कंपनी रिमना मात्र गोलसर, चेंडूच्या आकाराची. निमुळता नट गोल बैठकीत घातला तर तो एका बारीक रेषेवर टेकतो. आवळताना घट्ट वाटतो आणि चालता चालता सैल पडतो. बरं, सिटीचे गोल नट आणावेत तर त्यांचे आटे १.५ चे! हब रिंगने थरथर गेली असती, पण नटांपाशी घोडं अडलं असतंच.

ऑफसेट: चाक आत किती, बाहेर किती

रिमच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारी सपाट बाजू यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. हल्लीच्या कारमध्ये तो बहुधा अधिक चिन्हाचा (+) असतो, म्हणजे टेकणारी बाजू मध्यापेक्षा बाहेर. आकडा कमी केला की चाक बाहेर येतं.

समजा, जुनी रिम ६ जे ईटी ४५ आणि नवी ७ जे ईटी ३८. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. ऑफसेट ७ ने घटला, म्हणजे अख्खं चाक ७ मिमी बाहेर सरकलं. बाहेरच्या बाजूला १२.७ + ७ = १९.७ मिमी वाढले, आतल्या बाजूला १२.७ – ७ = ५.७. रिम घेण्याआधी आत सस्पेन्शनपाशी तेवढी जागा आहे का आणि बाहेर टायर मडगार्डच्या कडेला लागणार नाही ना, हे पाहा. मागच्या सीटवर तीन जण बसवूनच पाहा, रिकामी गाडी खोटं सांगते.

टायर मडगार्डबाहेर काढून मिरवायची हौस अनेकांना असते. त्यात व्हील बेअरिंगवर भार वाढतो आणि पावसात चिखल स्वतःच्याच दारांवर उडतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीपासून फारकत घेणारे बदल करू देत नाही.

व्यास वाढवलात तर टायरचा हिशोब करा

१८५/६५ आर १५ या टायरचा एकूण व्यास असा: १५ × २५.४ = ३८१ मिमी रिमचे, अधिक टायरच्या भिंतीच्या उंचीची (१८५ मिमी रुंदीच्या ६५ टक्क्यांची) दुप्पट, म्हणजे २४०.५. बेरीज ६२१.५. सोळाची रिम घेऊन १९५/५५ आर १६ लावलात तर ४०६.४ + २१४.५ = ६२०.९. फरक नगण्य. पण सोळाच्या रिमवर १८५/६५ च ठेवलात तर व्यास ६४६.९ होतो, चार टक्के जास्त. मीटरवर १०० दिसताना गाडी १०४ ने धावते आणि टायर घासायची भीती वेगळी. फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवा.

आपल्या रस्त्यांसाठी माझं मत मूळ व्यासच बरा असं आहे. टायरची भिंत जितकी बुटकी तितका खड्डा थेट रिमला बसतो.

वजन आणि खुणा

रिमवर तिची भारक्षमता किलोमध्ये लिहिलेली असते. गाडीच्या जड एक्सलवर जो कमाल भार मान्य आहे त्याच्या निम्म्याहून ती कमी नको. जपानी जेडब्ल्यूएल किंवा आपल्याकडचं आयएसआय चिन्ह शोधा. कसलीच खूण नसलेली चकचकीत रिम दुकानात तशीच राहू द्या. जुनी रिम घेताना ती बॅलन्सिंग मशीनवर टायरशिवाय फिरवायला लावा, वाक लगेच दिसतो. वेल्डिंग केलेली अलॉय रिम मी फुकटही घेणार नाही. रंग ताजा असेल तर का, हे विचारा.

टायर चढवण्यापूर्वी रिकामी रिम लावून बघा

टायर चढवला की दुकानदार रिम परत घेत नाही. म्हणून आधी गाडी जॅकवर घ्या, हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, रिकामी रिम लावून नट फुलीच्या क्रमाने आवळा आणि हाताने फिरवा. ब्रेक कॅलिपरपासून किमान तीन मिमी अंतर हवं, आणि आतल्या बाजूला चिकटणारी बॅलन्सिंगची वजनं त्यात धरायला विसरू नका. नटांचे फेरे मोजा: १.२५ च्या आट्यांना साधारण दहा, १.५ ला आठ.

शेवटचं आवळणं गाडी खाली घेऊन, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्याएवढं. पाइप लावून त्यावर उभं राहणाऱ्या पोराला थांबवा. ८०–१०० किलोमीटर झाले की पुन्हा एकदा तपासा.

भाच्याच्या त्या चार रिम शेवटी एका सिटीवाल्याला गेल्या. भाच्याने स्विफ्टसाठी निमुळत्या बैठकीच्या नव्या रिम घेतल्या आणि सोबत नवे नटही. जुने नट डिकीत स्टेपनीच्या खाली पिशवीत ठेवायला मीच सांगितलं, कारण स्टेपनी अजून स्टीलचीच आहे आणि अलॉयचे लांब नट तिला चालतीलच असं नाही.