जुन्या फ्रेंच हेर-कॉमेडी बघायच्यात? मग सुरुवात अशी करा

कोणी विचारलं की मी डोळे झाकून १९७२ चा 'ल ग्रां ब्लों' सांगतो. पूर्ण नाव बरंच लांब आहे, अर्थ साधारण 'एकच काळा बूट घातलेला उंच, सोनेरी केसांचा माणूस'. दीड तासाचा सिनेमा, दिग्दर्शक इव्ह रोबेर. हेरखात्याचा प्रमुख कर्नल तुलूझ आणि त्याची खुर्ची पळवायला टपलेला त्याच्या हाताखालचा मिलां, तर तुलूझ त्याच्यासाठी सापळा लावतो, ओर्ली विमानतळावर उतरणाऱ्यांतला कुठलाही एक माणूस निवडायचा आणि हाच आपला हुकमी एजंट अशी हूल उठवून द्यायची. निवडला जातो एक व्हायोलिन वाजवणारा, का तर त्याच्या एका पायात काळा बूट आहे आणि दुसऱ्यात तपकिरी! पुढे मिलांची माणसं जे करतात त्याला मराठीत फार नेमकं बोलतात, साप साप म्हणून भुई धोपटणं.

आता हा बघायचा कसा. हिरोकडे कमी बघा. पिएर रिशार धडपडतो, अडखळतो, ते गोड आहेच, पण त्या बिचाऱ्याला आपल्यामागे अख्खं खातं लागलंय याचा पत्ताच नसतो, त्यामुळे खरी गंमत त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्यांच्या चेहऱ्यावर घडते, त्याने साधं काहीतरी करायचं आणि हेडफोन लावून बसलेल्यांनी त्यातून गूढ अर्थ काढायचा. जाँ रॉशफोर, म्हणजे कर्नल तुलूझ, त्याच्यावर तर नजर ठेवूनच बसा. तो कॉमेडीत आहे हे त्याला कोणी सांगितलंच नाही असा वावरतो, आणि मला वाटतं हे सिनेमे पन्नास वर्षं टिकलेत ते याच्यामुळे, विनोद करतोय असा आव कोणीच आणत नाही. फोन बाजूला ठेवा, खूप काही मागे कोपऱ्यात घडतं.

टायटल्स पुढे ढकलू नका हं. पत्त्यांची जादू करणारे हात दिसतात आणि मागे व्लादिमिर कोस्माची धून, झामफिरची पॅन फ्लूट, बाँडपटातल्या बँडचा मागमूस नाही. नायिका मिरेय दार्कचा, फॅशन डिझायनर गी लारोशने केलेला काळा ड्रेस फार गाजला, पण त्याचा फोटो आधी शोधू नका, समोरून गळ्यापर्यंत बंद आहे एवढंच सांगतो, पुढचं तिने पाठ फिरवली की कळेल. १९८५ चा अमेरिकन रिमेकही आहे, टॉम हँक्सचा, तो बघायचाच तर नंतर.

एक गोष्ट माहीत असेल तर जास्त मजा येते. १९७१ साली अमेरिकेत हेरॉईनसकट पकडलेल्या एका माणसाने आपण फ्रेंच हेरखात्यासाठी काम करतो असा दावा केला होता, मोठं प्रकरण झालं. पुढच्याच वर्षी आलेल्या या सिनेमाची सुरुवातही न्यूयॉर्कमधल्या तशाच भानगडीने होते, म्हणजे तेव्हाच्या प्रेक्षकाला हे नुसतं काल्पनिक वाटलं नसणार.

मग १९६४ चा 'ले बार्बूझ', ब्लॅक अँड व्हाईट. बार्बूझ म्हणजे बोलीभाषेत दाढी, खोटी दाढी लावणारा म्हणून हेर, आणि अल्जीरियाच्या युद्धाच्या शेवटी सरकारसाठी छुपी कामं करणाऱ्यांना लोक हेच म्हणायचे. शस्त्रांचा व्यापारी मेलाय, त्याच्या तरुण विधवेकडे मौल्यवान पेटंट आहेत, आणि देशोदेशीचे हेर सांत्वनाच्या नावाखाली वाड्यात मुक्काम ठोकतात. लिनो व्हेंतुरा आहे, बेर्नार ब्लिए आहे, तोच जो पुढे मिलां झाला, आणि विधवा मिरेय दार्क. हा पहिला बघू नका असं मी मुद्दाम सांगतो, कारण याची सगळी ताकद मिशेल ओदियारच्या संवादात आहे, पॅरिसची गल्लीतली भाषा, सबटायटलमध्ये निम्मी गळून जाते. तरी डब केलेला नकोच, ब्लिएचा आवाज गेला तर उरतं काय? एखादा सीन दोनदा बघा, एकदा वाचत, एकदा नुसतं ऐकत.

तिसरा 'ल मान्यिफिक', १९७३, दिग्दर्शक फिलिप द ब्रोका. हिरो बेल्मोंदो यात दोन भूमिकांत आहे, एक रुबाबदार हेर बॉब सें-क्लार आणि दुसरा त्याच्या कादंबऱ्या पाडणारा कफल्लक लेखक. हे मी फोडायला नको होतं खरं तर, पण पहिली काही मिनिटं अतिरेकी वाटून लोक बंद करतात म्हणून सांगतोय, थांबा, समुद्रकिनाऱ्यावर गोळीबार चालू असताना मधूनच एक बाई व्हॅक्युम क्लीनर फिरवत येईपर्यंत थांबा, तिथे सगळं उलगडतं.

२००६ चा 'ओएसएस ११७', जाँ द्युजार्दँवाला, सगळ्यात शेवटी ठेवा. ओएसएस ११७ हा कादंबरीकार जाँ ब्रूसचा हेर, १९४९ पासूनचा, बाँडच्याही आधीचा, आणि साठच्या दशकात त्याच्यावर गंभीर सिनेमे निघाले होते, त्यातला एखादा अर्धा तास तरी बघून घ्या. मग १९५५ च्या कैरोत हा महाशय बक्षिसी म्हणून राष्ट्राध्यक्ष रेने कोतींचा फोटो हातात ठेवतो तेव्हा, गाडीच्या काचेमागे तो जुन्या पद्धतीचा, मागच्या पडद्यावर दाखवलेला रस्ता पळताना दिसतो तेव्हा, कोणाची आणि कशाची नक्कल चाललीये ते लगेच ओळखू येईल.