अपघाताची नुकसानभरपाई: पहिल्या काही आठवड्यांतल्या या चुका टाळा

रस्ता अपघातात जखमी झालेल्या माणसाचा दावा कायद्याच्या मुद्द्यावर क्वचितच अडतो. तो अडतो कागदांवर, आणि त्यातले महत्त्वाचे कागद तयार होतात अपघातानंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत. नेमकं तेव्हाच जखमी माणूस पलंगावर असतो आणि घरचे पैशांच्या जुळवाजुळवीत गुंतलेले असतात. "आधी बरा होऊ दे, मग बघू" असं वाटणं साहजिक आहे. तरीही घरातल्या एकाने पहिल्या दिवसापासून फाइल सांभाळायचं काम अंगावर घ्यावं.

केसपेपरवर "गाडीवरून घसरून पडला"

सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे आणि ती कॅज्युअल्टीत पहिल्या दहा मिनिटांत होते. डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" सोबत आलेला शेजारी किंवा भाऊ पोलिसांची कटकट नको म्हणून सांगतो, "स्लिप झाला." तेच वाक्य केसपेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावर उमटतं, एमएलसी (पोलिसांशी संबंधित प्रकरण म्हणून दवाखान्यातली नोंद) होत नाही, पोलिसांना कळवलं जात नाही. महिन्याभराने ट्रकचा नंबर देऊन फिर्याद नोंदवली की विमा कंपनीचा वकील तो केसपेपर पुढे करतो. त्याचं म्हणणं सरळ असतं: माणूस स्वतः पडला आणि भरपाईसाठी ट्रक नंतर घुसवला. हे खोडून काढणं फार अवघड जातं.

लोक असं सांगतात, कारण पोलीस केस म्हटल्यावर दवाखाना दाखल करून घेणार नाही अशी भीती असते. पण आधी उपचार, मग पोलिसांचे सोपस्कार, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच स्पष्ट केलं आहे. शिवाय 2025 च्या केंद्रीय योजनेत रस्ता अपघातातल्या जखमीला योजनेतल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार कॅशलेस मिळू शकतात. त्यामुळे खरं तेच सांगा: कोणत्या प्रकारच्या वाहनाने, कुठे आणि किती वाजता धडक दिली. नंबर माहीत नसेल तर "नंबर माहीत नाही" असंच लिहू द्या. चुकीची नोंद झाल्याचं लक्षात आलं, तर त्याच दिवशी वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोहोच घ्या.

"माझी काही तक्रार नाही" असा जबाब

समोरचा गाडीमालक दवाखान्यात येतो, पंधरा-वीस हजार देतो, "उपचाराचं सगळं मी बघतो" म्हणतो. मग पोलीस ठाण्यात "आपसात मिटलं आहे, तक्रार नाही" असा जबाब दिला जातो. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी मालक फोन उचलत नाही. मालकाला खरंच मदत करायची असेल तर त्याने आपल्या विमा कंपनीला अपघात कळवावा आणि पॉलिसीची प्रत द्यावी. त्रयस्थ पक्षाचा (थर्ड पार्टी) विमा त्यासाठीच सक्तीचा आहे. फिर्याद नोंदवून त्याच्यावर कोणी सूड उगवत नसतं.

फिर्यादीला उशीर झाला म्हणून मात्र हातपाय गाळू नका. जखमीला आधी दवाखान्यात नेणं स्वाभाविक आहे, केवळ उशिराच्या कारणाने खरा दावा फेटाळू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये म्हटलं आहे. उशिराचं कारण फिर्यादीतच लिहा. हद्दीचा वाद निघाला तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात घेतली जाणारी फिर्याद, नोंदवता येतो.

पोलिसांकडून एफआयआर, घटनास्थळ पंचनामा आणि दोन्ही वाहनांच्या कागदपत्रांच्या नकला घ्या. एप्रिल 2022 पासूनच्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे (भरपाईचे दावे चालतात तिथे) पाठवायचा असतो. या अहवालांची लेखी मागणी करा. चौकातल्या दुकानाच्या किंवा पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण काही दिवसांतच पुसलं जातं, म्हणून ते ताब्यात घ्यावं असा अर्ज पोलिसांना पहिल्या आठवड्यातच द्या.

सहा महिने कधीपासून मोजायचे

मोटार वाहन कायद्याच्या कलम 166(3) नुसार दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा आहे. डिस्चार्जची तारीख किंवा प्लास्टर निघाल्याची तारीख इथे चालत नाही. 1994 च्या दुरुस्तीने ही मुदत काढली होती, 1 एप्रिल 2022 पासून ती परत आली. जुन्या अनुभवावरून "क्लेमला मुदत नसते" असं सांगणारे अजून भेटतात, त्यांचं ऐकू नका. या तरतुदीला आव्हान दिलेलं आहे, आणि ते प्रलंबित असेपर्यंत मुदतीच्या कारणावर दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला. ज्यांची मुदत उलटली आहे त्यांनी त्याचा आधार घेऊन लगेच वकील गाठावा. ज्यांची उलटलेली नाही त्यांनी अंतरिम आदेशावर विसंबून राहू नये.

फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहण्याचंही कारण नाही. दोन्ही कामं स्वतंत्र चालतात आणि भरपाईच्या दाव्यात पुराव्याची कसोटीही तितकी कडक नसते. अपंगत्वाचा दाखला नंतर मिळणार असला तरी दावा आधी दाखल करता येतो, दाखला पुराव्याच्या वेळी जोडता येतो. व्याजही दावा दाखल केल्याच्या तारखेच्या आधीपासून मिळत नाही, म्हणजे उशीर केलात तेवढं व्याज बुडालं. अपघात नागपूरला झाला आणि तुम्ही साताऱ्यात राहता, तर दावा साताऱ्यातही टाकता येतो.

लोकलमधून पडून झालेली इजा वेगळी. तिचा दावा रेल्वे दावे न्यायाधिकरणात जातो आणि मुदत एक वर्ष असते.

उत्पन्नाचा पुरावा नसणे

32 वर्षांचा रिक्षाचालक किंवा गवंडी धरा, महिना 15,000 रुपये कमावणारा. पायाच्या दुखापतीने कमावण्याची क्षमता 20 टक्के घटली. वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवून उत्पन्न 21,000 होतं. वर्षाचे 2,52,000, त्याचे 20 टक्के 50,400, आणि या वयाचा गुणक (वार्षिक नुकसानीला वयानुसार ज्या आकड्याने गुणतात तो) 16. भरपाईचा हा एकच भाग 8,06,400 रुपयांचा झाला. उत्पन्न सिद्ध झालं नाही आणि न्यायाधिकरणाने 8,000 धरले, तर हाच आकडा 4,30,080 वर येतो. म्हणून बँकेचं पासबुक, परमिट, ठेकेदाराचं पत्र, यूपीआयच्या नोंदी, पगारपत्रक, बिनपगारी रजेचा दाखला, जे असेल ते आत्ताच गोळा करा. अपघातानंतर घाईने भरलेलं आयकर विवरणपत्र सहसा टिकत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. दाखल्यावरचे अपंगत्वाचे टक्के आणि कमाईतली घट एकच नसते. गुडघ्याच्या सारख्याच दुखापतीने बैठं काम करणाऱ्याचं फार अडत नाही, गवंड्याचं कामच थांबतं. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना साक्षीला यावं लागू शकतं, तेव्हा त्यांच्याशी संपर्क ठेवा.

मूळ बिलं मेडिक्लेमला गेली तर आधी रुग्णालयाच्या सही-शिक्क्याच्या नकला काढून ठेवा. मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये म्हटलं आहे. तरी नकला नसतील तर खर्च सिद्ध कशाने करणार?

ठोकर मारून पळालेलं वाहन

"नंबरच नाही, मग कसली भरपाई" म्हणून अनेक घरं गप्प बसतात. पण वाहन सापडलंच नाही तरी मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार रुपये मिळतात. अपघात झाला त्या भागातल्या प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात अर्ज करायचा असतो.

लोकअदालतीत घाईची सही

लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नाही. मांडीत रॉड आणि पायात प्लेट असताना तडजोडीवर सही करू नका. आधी सर्जनकडून लेखी घ्या: रॉड कधी काढायचा, अंदाजे खर्च किती, किती आठवडे काम बंद राहील. तो आकडा तडजोडीच्या रकमेत धरला आहे का हे वकिलाला विचारा, आणि त्यानंतरच सहीचं ठरवा.